वस्तऱ्याची धार आणि क्योतोचे दगड

धार लावणे म्हणजे पोलाद घासून पातळ करणे, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. विळी, कोयता, सुरी यांच्यापुरती ती खरीही आहे. विळीवर भोपळा फोडायचा असेल तर धारेत थोडा खरखरीतपणा उरलेला बरा, कारण त्याच सूक्ष्म दातांनी साल पकडली जाते. वस्तऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. त्याला केस कापायचा असतो आणि केसाला लागूनच असलेली कातडी सोडून द्यायची असते. एका जागी कापणे आणि केसभर अंतरावर न कापणे, ही दोन्ही कामे एकाच धारेकडून करून घ्यायची म्हणजे ती धार नुसती तीक्ष्ण असून भागत नाही, ती सलग आणि मऊसूतही लागते. हा शेवटचा गुण पोलादाला कोठून येतो? जपानी कारागिरांचे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होते : क्योतोच्या डोंगरातून. या लेखात त्या उत्तराची तपासणी करायची आहे.

भिक्षूंचा वस्तरा

सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानात पोहोचला. त्याच्या सोबत भिक्षूंचे मुंडण आले आणि मुंडणासोबत वस्तरा आला. जपानीत वस्तऱ्याला ‘कामिसोरी’ म्हणतात. ‘कामी’ म्हणजे केस आणि ‘सोरी’ म्हणजे मुंडणे, इतका तो शब्द सरळ आहे. पुढे सामुराईंमध्ये डोक्याचा पुढचा भाग भादरण्याची रीत पडली आणि वस्तरा मठातून बाहेर पडून न्हाव्याच्या दुकानात स्थिरावला.

या वस्तऱ्याची घडण युरोपीय वस्तऱ्याहून निराळी आहे. झोलिंगेन किंवा शेफील्डचा वस्तरा मुठीत मिटतो आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच पोखरलेल्या असतात. कामिसोरी मिटत नाही, पाते आणि दांडी मिळून तो एकच तुकडा असतो. त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. मऊ लोखंडाच्या अंगावर कडक पोलादाचा थर जोडलेला असतो आणि धार त्या पोलादाचीच असते. त्यामुळे दगडावर दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यायचे नसतात, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. मऊ लोखंड दगडावर लवकर झिजते, पोलाद हळू झिजते आणि धार लावणाऱ्याचे श्रम वाचतात.

दोन्ही वस्तऱ्यांत एक सोय समान आहे. धार लावताना पात्याचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पात्याची जाड पाठ आणि पातळ धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवली की कोन आपोआप ठरतो. पात्याची रुंदी 16 मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर असेल, तर धारेशी सुमारे 16 अंशांचा कोन होतो. स्वयंपाकाच्या सुरीचा कोन सहसा याच्या दुपटीच्या आसपास असतो. कोन जितका लहान तितकी धार नाजूक, आणि म्हणूनच शेवटचा दगड कोणता हा प्रश्न सुरीपेक्षा वस्तऱ्याच्या बाबतीत कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरतो.

समुद्राच्या तळाची धूळ

क्योतो शहराच्या वायव्येला अतागो डोंगराच्या परिसरात नारुताकी, उमेगाहाता ही गावे आहेत. नाकायामा, ओझुकु, शोबुदानी या खाणींची नावे धार लावणाऱ्यांच्या जगात द्राक्षमळ्यांच्या नावांसारखी घेतली जातात. इथल्या अगदी बारीक दगडाला ‘आवासेदो’ म्हणतात. धार लावण्याच्या क्रमात तो शेवटी येतो. भरड दगड, मधले दगड आणि मग हा.

हा दगड तयार कसा झाला, याची हकीकत आपल्या दख्खनच्या कातळाहून अगदी उलट आहे. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. पाटा-वरवंट्याला त्याच्यासारखा दगड नाही, कारण त्याचा पृष्ठभाग टाकी लावून खरखरीत करता येतो. क्योतोचा निसणा हा गाळाचा दगड आहे आणि तो गाळही किनाऱ्याजवळचा नव्हे. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकच प्रचंड महासागर पसरलेला होता. भूशास्त्रज्ञ त्याला पँथालासा म्हणतात. त्याच्या खोल तळावर, जमिनीपासून हजारो किलोमीटर दूर, वाळूचा कण पोहोचणे शक्य नव्हते. तिथे फक्त दोनच गोष्टी खाली बसत : रेडिओलारिया नावाच्या सूक्ष्म जीवांची सिलिकाची कवचे आणि वाऱ्याने उडवून आणलेली वाळवंटांची अतिसूक्ष्म धूळ. एरवी कवचांचे प्रमाण इतके मोठे असे, की त्या गाळाचा चर्ट नावाचा काचेसारखा कठीण दगड होई.

मग पर्मियन कालखंडाचा शेवट झाला. सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्ह्याचे अफाट उद्रेक झाले. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे ते मोठे आणि बरेच थोरले भावंड. त्या काळात समुद्रातल्या बहुसंख्य जीवजाती नष्ट झाल्या. रेडिओलारियांचीही वाताहत झाली. खोल समुद्रात कवचांचा पाऊस जवळजवळ थांबला, पण वाऱ्याची धूळ पडतच राहिली. त्यामुळे चर्टच्या थरांवर कवचांनी कमी आणि चिकणमातीने समृद्ध असा एक वेगळा थर साचला. लक्षावधी वर्षांनी जीवसृष्टी सावरली, कवचे पुन्हा पडू लागली आणि वर परत चर्ट साचला.

दोन चर्टांमध्ये सापडलेला हा मातकट थर म्हणजेच निसण्याचा दगड. जपानी भूशास्त्रात त्या खडकाच्या प्रकाराचे नावच मुळी ‘तोइशी-प्रकारचा’ खडक असे आहे. ‘तोइशी’ म्हणजे धार लावण्याचा दगड. पुढे समुद्राचा तळ सरकत सरकत आशियाच्या काठाशी आला आणि ज्युरासिक काळात तो खडक खरवडला जाऊन किनाऱ्याला चिकटला. जपानचा हा भाग ‘तान्बा पट्टा’ म्हणून ओळखला जातो. एके काळी हे खडक कितीतरी जुने मानले जात. 1970 नंतर चर्ट आम्लात विरघळवून त्यातली सूक्ष्म कवचे वेगळी काढण्याचे तंत्र रूढ झाले आणि या डोंगरांचे खरे वय कळले. खाणकामगारांना कोणत्या थरात चांगला दगड मिळतो हे शतकानुशतके माहीत होते. तो थर तिथेच का, याचे उत्तर मिळायला महासंहाराचा शोध लागावा लागला.

थरांची भाषा

खाणीतले थर एकसारखे नसतात आणि त्या फरकांसाठी कारागिरांनी समृद्ध शब्दसंग्रह तयार केला. ‘तोमाए’, ‘आइसा’, ‘सुइता’ ही थरांची नावे. सुइताच्या दगडात बारीक छिद्रे असतात. ‘सु’ म्हणजे पोकळी किंवा घरटे. रंगांवरून आणि खुणांवरून वेगळी नावे : पिवळसर तो ‘किइता’, फिकट निळसर-हिरवा तो ‘आसागी’, नाशपातीच्या सालीसारखे ठिपके असलेला ‘नाशिजी’, कावळ्यासारखे काळे डाग असलेला ‘कारासु’, आणि जांभळट-गुलाबी ठिपक्यांचा ‘रेंगे’, म्हणजे कमळ.

या नावांची मोहिनी मोठी आहे आणि बाजार तिच्यावरच चालतो. पण रंग म्हणजे गुणवत्ता नव्हे. कमळाचे ठिपके असलेला दगड त्या ठिपक्यांमुळे अधिक चांगली धार लावत नाही. खाणीच्या शिक्क्याचेही तसेच. एकाच खाणीतून कडक आणि मऊ, उत्तम आणि टाकाऊ असे दोन्ही दगड निघत, आणि शिक्का काय, नंतरही मारता येतो. खरे प्रश्न तीनच आहेत. दगडात पात्याला ओरखडणारी कठीण रेघ किंवा खडा आहे का? त्याचा कडकपणा किती? आणि त्याचे कण सगळीकडे सारखे आहेत का? सुरीला मध्यम मऊ दगड चालतो. तलवारीच्या झिलईत ‘उचिगुमोरी’ नावाचा याच परिसरातला मऊ दगड वापरतात, कारण तिथे पोलादावरची धुकट छटा खुलवायची असते. वस्तऱ्याला मात्र कडक दगड लागतो. मऊ दगड हाताखाली सतत झिजत राहतो, सुटलेले कण धारेच्या टोकावर आपटतात आणि ते टोक गोलाई धरते.

चंदनासारखे उगाळणे

वस्तरा लावण्याच्या जपानी पद्धतीत ‘नागुरा’ नावाचा एक छोटा दगड असतो. मोठ्या दगडावर दोन-चार थेंब पाणी टाकून त्यावर नागुरा फिरवायचा. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसेच. फरक इतकाच, की इथे उगाळलेले गंध कपाळाला न लावता त्यावर वस्तरा चालवायचा असतो. क्योतोचा मूळ दगड इतका कडक आणि बारीक असतो, की नुसत्या पाण्यावर तो फार हळू काम करतो. नागुराच्या गंधामुळे त्याच दगडावर आधी भरड, मग मध्यम, मग बारीक असे टप्पे करता येतात.

या कामासाठी नावाजलेला नागुरा आजच्या आइची प्रांतातल्या मिकावा भागातला. तो पांढरा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला आहे. त्याचे थर बोतान, तेन्जो, मेजिरो, कोमा अशा नावांनी ओळखले जातात. साधारणपणे याच क्रमाने ते भरडाकडून बारकाईकडे जातात. शेवटचा येतो ‘तोमोनागुरा’, म्हणजे मूळ दगडाच्याच जातीचा छोटा तुकडा. त्याचे गंध म्हणजे त्या दगडाचेच गंध.

प्रत्यक्ष क्रम असा. प्रथम दगड अगदी सपाट करून घ्यायचा. आज त्यासाठी हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी वापरतात. मग धारेची मूळ बैठक पक्की करायची. हे काम बहुतेक जण आता 1000 क्रमांकाच्या कृत्रिम दगडावर करतात, आणि इथे घाई केली तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. दोन्ही बाजू टोकाशी नीट मिळाल्याच नसतील तर बारीक दगड फक्त चकाकी आणतो, धार आणत नाही. त्यानंतर नागुरांचे टप्पे. प्रत्येक टप्प्याचे काम एकच : आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसून त्यांच्या जागी स्वतःचे अधिक बारीक ओरखडे ठेवणे. हात धार पुढे ठेवून, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, तिरका फिरवतात, म्हणजे पात्याच्या टोकापासून मुळापर्यंत सगळ्या धारेला दगड सारखा मिळतो.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. तोमोनागुराचे गंध पाणी घालत पातळ करत जायचे आणि अखेरचे काही हात जवळजवळ स्वच्छ पाण्यावर, पात्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज कसलाही भार न देता द्यायचे. गंध दाट असताना काम भराभर होते, पण सुटे कण धारेच्या टोकावर आदळत असल्याने ते टोक किंचित बोथटते. गंध पातळ करण्यामागे हे कारण आहे. दगड कडक आणि पाते सपाट असेल तर या क्षणी पाते पाण्याच्या पापुद्र्यावर चिकटल्यासारखे वाटते, हाताला हलकी ओढ लागते. दोन पृष्ठभाग एकमेकांना फार जवळून भेटत असल्याची ती खूण आहे. त्यानंतर चामड्याचा पट्टा. तिथे पाठ पुढे आणि धार मागे, म्हणजे दगडाच्या उलट दिशा.

क्रमांक नसलेला दगड

कृत्रिम दगडाला क्रमांक असतो : 1000, 3000, 8000, 12000. क्रमांक वाढला की कण बारीक होतो. क्योतोच्या दगडाला असा क्रमांक देता येत नाही. कारण त्याचे काम कणाच्या आकाराइतकेच कणाच्या कडकपणावर अवलंबून आहे.

बहुतेक कृत्रिम दगडांत ॲल्युमिनाचे कण असतात. खनिजांच्या कडकपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर ॲल्युमिनाचा, म्हणजे कुरुंदाचा, क्रमांक 9 आहे. क्योतोच्या दगडातला काम करणारा कण म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि त्याचा क्रमांक 7. पाणी दिलेले वस्तऱ्याचे पोलाद या क्वार्ट्‌झच्या किंचित खाली येते. म्हणजे ॲल्युमिनाचा कण पोलादात खोल नांगरत जातो, तर क्वार्ट्‌झचा कण जेमतेम वरचढ असल्याने उथळ ओरखडा काढतो. शिवाय तो कण मऊ चिकणमातीच्या खनिजांत बसलेला असतो, त्यामुळे भार पडला की थोडा मागे सरतो. आकाराने सारख्याच असलेल्या दोन कणांपैकी क्वार्ट्‌झचा कण कमी खोल खूण सोडतो, त्याचे हे साधे कारण.

याच गणितातून मर्यादाही निघते. साध्या कार्बन पोलादाला हा दगड उत्तम लागतो. यासुगीचे ‘पांढरा कागद’ नावाचे पोलाद असेच आहे. त्याच्या गुंडाळीवरच्या कागदाच्या रंगावरून हे नाव पडले आणि त्यात लोखंड व कार्बनखेरीज फारसे काही नसते. पण ज्या पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूंचे कठीण कण मिसळलेले असतात, तिथे ते कण क्वार्ट्‌झहून कडक ठरतात. दगड त्यांच्या आजूबाजूचे पोलाद झिजवतो आणि त्या कणांपुढे हात टेकतो. म्हणून जपानी दगड कोणत्याही पोलादावर चमत्कार करतो, ही समजूत बाजूला ठेवावी.

उथळ ओरखड्यांचे महत्त्व काय, यावर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने वेगळ्या बाजूने प्रकाश टाकला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून पाहिले आणि आपले निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पटींनी कडक असते. तरी दाढीचे पाते बोथट का होते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असे, की धार हळूहळू घासून गोल होण्यापेक्षा तिचे सूक्ष्म टवके उडतात. केस तिरका येऊन वाकला, पोलादाची अंतर्रचना त्या जागी एकसारखी नसली आणि केस नेमका त्याच दुबळ्या जागी भेटला, तर मऊ केसही पोलादाचा टवका काढतो. हा प्रयोग बाजारातल्या पात्यांवर झाला, दगडावर लावलेल्या वस्तऱ्यांवर नव्हे. पण त्याचा कारागिरांच्या अनुभवाशी मेळ सहज लागतो. खोल ओरखडा धारेच्या काठाशी जिथे संपतो तिथे खाच असते, आणि खाच म्हणजे तयार दुबळी जागा. ओरखडे जितके उथळ, तितका काठ सलग. चेहऱ्याला जाणवणारा मऊपणा आणि धारेचे टिकणे ही दोन्ही एकाच सलगपणाची रूपे मानायला इथे जागा आहे.

उरले किती?

1904 साली किंग कॅम्प जिलेट यांना फेकून द्यायच्या पात्याच्या दाढीयंत्राचे पेटंट मिळाले. त्या दिवसापासून घरोघरी धार लावण्याची गरज ओसरू लागली. पुढे कृत्रिम दगड स्वस्त आणि भरवशाचे झाले, सुतारांनीही तेच उचलले. क्योतोच्या बहुतेक खाणी आता बंद आहेत. जे दगड विकले जातात ते प्रामुख्याने जुन्या साठ्यातले, आणि त्यांचे खरेदीदार जगभर पसरलेले हौशी लोक आहेत. आपल्याकडेही न्हाव्याच्या धोकटीतून वस्तरा आणि निसणा दोन्ही गेले. गेल्या काही दशकांत रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते आले, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

उरलेले दगड सांभाळायचे कसे, यातला एक तपशील आपल्या ओळखीचा निघतो. या गाळाच्या दगडात थरांच्या फटींतून पाणी शिरले तर तो फुटतो. म्हणून त्याच्या बाजूंना लाख लावल्यासारखा लेप देतात. पूर्वी त्यासाठी उरुशी झाडाचा चीक वापरत. आता त्याऐवजी अनेकदा काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेला लेप वापरतात आणि जपानी भाषेत त्याचे नावही ‘काश्यू’ म्हणजे काजू असेच आहे. उरुशी, काजू, आंबा आणि आपला बिब्बा ही सारी एकाच कुळातली झाडे. काजूच्या बिया भाजताना कोकण-गोव्यात ज्या तेलाने हात पोळतात, त्याच तेलाच्या जातीचा लेप क्योतोच्या दगडाला पाण्यापासून वाचवतो.

दगड वाचवता येतो, पण त्याची पारख वाचवणे अवघड. खाणीतून निघालेल्या तुकड्यावर बोट फिरवून, पाण्याचा थेंब किती वेळात सुकतो ते पाहून, पात्याखालचा आवाज ऐकून हा वस्तऱ्याचा, हा सुरीचा, हा टाकण्याचा, असे सांगणारे लोक खाणीच्या रोजच्या कामातून घडत होते. हजार दगड हातून गेल्याशिवाय तो हात तयार होत नाही, आणि नवे दगड निघणे थांबले की हजार दगड कुणाच्याच हातून जात नाहीत. सान्जोचे धातुशास्त्रज्ञ इवासाकी कोसुके यांनी विसाव्या शतकात विद्यापीठातले धातुविज्ञान आणि वस्तरा घडवणे यांची सांगड घातली आणि धार लावण्याची विद्या लिहून ठेवली. अशा नोंदींतून कृती शिकता येते. पारखेसाठी दगडच हवेत. समुद्राच्या तळावर तो थर साचायला लक्षावधी वर्षे लागली, आणि तो साचला तेही जीवसृष्टीवर ओढवलेल्या एका संकटामुळे. आज ज्याच्याकडे असा एखादा दगड आहे, त्याने तो कपाटात न ठेवता वापरावा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यावर हात बसवू द्यावा. नीट वापरला तर वस्तऱ्याच्या कामात तो एका माणसाच्या आयुष्यात संपत नाही.